दुष्काळ, युद्ध आणि भजन : नारायण वामन टिळकांच्या गीतरचनेचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

भक्तिगीताचा कर्ता आणि त्याच्या काळातील आपत्ती यांचा परस्परसंबंध काय असतो, हा वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे वारंवार उभा राहणारा प्रश्न आहे. युद्ध, दुष्काळ, साथीचे रोग, आप्तांचे मृत्यू आणि समाजाकडून झालेला त्याग यांतून एखाद्या कवीला जावे लागले, तर त्याच्या गीतांत त्या दुःखाची नोंद सापडेल, अशी सामान्य वाचकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा उलट अनुभव येतो. अत्यंत खडतर जीवन जगलेल्या गीतकारांच्या रचना चाळल्या, तर त्यांत घटना, स्थळे व व्यक्ती यांचा उल्लेख जवळजवळ नसतो. आणि तरीही त्याच रचना संकटात सापडलेल्या समुदायाने पिढ्यान् पिढ्या जवळ केलेल्या असतात. या विरोधाचा उलगडा काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणून सतराव्या शतकातील जर्मन गीतकार पाउल गेरहार्ट याचे नाव घेतले जाते. मराठीत त्याच्याशी सर्वांत जवळचे साम्य असणारी व्यक्ती म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. दोघांचा देश, काळ आणि संस्कार भिन्न होते. परंतु आपत्तीचे गीतात रूपांतर होताना नेमके काय घडते, हे समजून घेण्यास ही तुलना उपयोगी पडते. वसई परिसराच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक महत्त्व आहे. मराठी ख्रिस्ती गीताची दीर्घ परंपरा ज्या प्रदेशात नांदली, त्या प्रदेशात पापडीसारख्या गावी हाच प्रश्न विसाव्या शतकात वेगळ्या रूपाने पुन्हा उपस्थित झाला. त्याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

२. तीस वर्षांचे युद्ध आणि गेरहार्ट

पाउल गेरहार्टचा जन्म १२ मार्च १६०७ रोजी सॅक्सनीतील ग्रेफनहाइनिखेन या लहानशा गावी झाला. तो अकरा वर्षांचा असताना, १६१८ साली, मध्य युरोपात ज्या युद्धाला तोंड फुटले ते १६४८ पर्यंत चालले. म्हणजे त्याचे बालपण, विद्यार्थिदशा आणि तारुण्य ही तिन्ही युद्धाच्या छायेत गेली. आईवडील लहानपणीच निवर्तले. १६३७ मध्ये स्वीडिश सैन्याने त्याचे जन्मगाव जाळले. व्हिटेनबर्ग येथील अध्ययनानंतर त्याला दीर्घकाळ धर्मोपदेशकाचे पद मिळाले नाही. बर्लिनमध्ये एका कुटुंबात शिक्षक म्हणून त्याने दिवस काढले. पहिले पद मिळाले ते १६५१ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली आणि १६६८ मध्ये पत्नीचाही मृत्यू झाला. धर्मपंथांतील वादांविषयी ब्रांडेनबुर्गच्या निर्वाचक राजपुत्राने (इलेक्टरने) काढलेली आज्ञा मान्य न केल्यामुळे १६६६ मध्ये त्याला बर्लिनच्या पदावरून दूर व्हावे लागले होते. आयुष्याची शेवटची वर्षे त्याने ल्युबेन या गावी घालविली आणि २७ मे १६७६ रोजी तेथेच त्याचे निधन झाले.

अशा आयुष्यात त्याने सुमारे एकशे चाळीस गीते लिहिली. त्यांपैकी अठरा गीते संगीतकार योहान क्र्युगर याने १६४७ मध्ये, युद्ध अद्याप चालू असताना, आपल्या संग्रहात छापली. या गीतांचे एक वैशिष्ट्य येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. गेरहार्टचे सर्वांत प्रसिद्ध गीत ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटाविषयीचे आहे. त्याचा आशय मध्ययुगीन लॅटिन काव्यावरून घेतलेला आहे, तर ज्या चालीवर ते गायिले जाऊ लागले ती चाल हान्स लेओ हास्लर याच्या १६०१ मधील एका प्रेमगीताची होती. पुढे बाखने १७२७ मधील आपल्या ‘मत्तयकृत दुःखसहन’ या रचनेत तीच चाल वारंवार योजिली. आशय जुना, चालही जुनी. कवीने केलेले कार्य म्हणजे या दोहोंना आपल्या समाजाच्या बोलीत एकत्र आणणे.

याच युद्धातील दुसरे उदाहरण आयलेनबुर्गचा धर्मोपदेशक मार्टिन रिंकार्ट याचे आहे. १६३७ च्या साथीत त्या तटबंदीच्या गावात आश्रयाला आलेल्या हजारो लोकांचा अंत झाला. रिंकार्टला चार हजारांहून अधिक मृतांचे दफनविधी करावे लागले. त्यांत त्याची पत्नीही होती. याच काळाशी निगडित असलेले त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत मात्र विलापगीत नसून आभारगीत आहे. जेवणानंतर कुटुंबाने म्हणावयाची छोटी प्रार्थना, असे त्याचे मूळ रूप होते. आपत्तीच्या वर्णनाऐवजी आपत्तीतही दररोज करावयाच्या एका कृतीला शब्द पुरविणे, हे त्या गीताचे कार्य होय.

३. त्याच शतकातील महाराष्ट्र

युरोपातील ही स्थिती पाहताना महाराष्ट्राच्या अभ्यासकाला एक समकालीनत्व सहज जाणवेल. परंपरेने तुकारामांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ हा मानला जातो. ते खरे धरल्यास तुकाराम आणि गेरहार्ट हे जवळजवळ समवयस्क ठरतात. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. त्यात तुकारामांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि मुलगाही गेला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. तुकारामांच्या अभंगांत या घटनांचे उल्लेख आहेत, पण ते थोडे आहेत. गाथेचा फार मोठा भाग त्या दुःखातून पार पडलेल्या मनाच्या ईश्वराशी चाललेल्या संवादाने व्यापलेला आहे. दुष्काळाचा तपशील मागे पडला आणि संवादाची रीत तेवढी शिल्लक राहिली. वारकऱ्याने ती उचलली आणि स्वतःच्या दुःखासाठी वापरली.

टिळकांचा विचार करताना हा दुवा निर्णायक ठरतो. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्या उद्गाराचा अर्थ बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने लावला जातो. परंतु गीतरचनेच्या दृष्टीनेही तो अक्षरशः खरा आहे. सतराव्या शतकातील दुष्काळाने ज्या रचनाबंधाची कसोटी पाहिली होती, तोच अभंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात टिळकांच्या हाती आला.

४. टिळकांचे जीवन

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक व तापट स्वभावाचे होते. आई जानकीबाई सौम्य वृत्तीच्या व काव्याची आवड असलेल्या होत्या. आईच्या अकाली मृत्यूनंतर नारायण घराबाहेर पडला आणि नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी वाङ्मयात अजरामर झाल्या.

यानंतरची दहाबारा वर्षे टिळकांनी एका गावाहून दुसऱ्या गावी भ्रमण करण्यात घालविली. शिक्षकी, कीर्तन, पुराणकथन, छापखान्यातील काम, जे मिळेल ते त्यांनी केले आणि फारसे कोठे टिकले नाहीत. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना काही काळ वाङ्मयसेवेची संधी लाभली. पुढे राजनांदगावी नोकरीसाठी जात असता रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत तात्काळ व पूर्णपणे मोजावी लागली. आप्तांनी त्यांचा त्याग केला. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन जवळजवळ पाच वर्षे नाशिक, पंढरपूर इत्यादी ठिकाणी नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सारा विचारप्रवास १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी कसलाही अभिनिवेश न बाळगता सांगितला आहे. तो ग्रंथ टिळकांच्या चरित्राचेही प्रमुख साधन होय. विशेष म्हणजे त्यात टिळकांचा उतावळेपणा, संताप, अव्यवहारी औदार्य आणि घरातील ओढग्रस्ती यांवर पडदा टाकलेला नाही. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी चरित्रातील भक्तिभावयुक्त चित्रासोबत हा ग्रंथ वाचला, तरच टिळकांचे व्यक्तिमत्त्व पुरतेपणी डोळ्यांसमोर उभे राहते.

अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) आणि राहुरी ही टिळकांच्या पुढील कार्याची केंद्रे होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे ठाणे स्थापिले होते, आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू झाले होते. टिळकांनी मिशनच्या पाठशाळेत अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ म्हणून ‘देवाचा दरबार’ त्यांनी स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

५. आपत्तींचे स्वरूप

टिळकांच्या सर्जनशील आयुष्याचा काळ, म्हणजे १८९५ ते १९१९, हा महाराष्ट्राच्या इतिहासातील अत्यंत दुर्धर कालखंड होता. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ सुरू झाली आणि ती दख्खनभर पसरली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांनी नगर जिल्ह्यासारखा अवर्षणप्रवण भाग उद्ध्वस्त झाला. अनाथ झालेली शेकडो मुले मिशनच्या आश्रयाला आली. टिळकांच्या घरातही अशा मुलांना आसरा मिळाला, आणि प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात लाखो बळी घेतले. त्याच वर्षी ५ मे रोजी टिळकांच्या घरी राहिलेला आणि त्यांच्या पुत्रवत् स्नेहाचा विषय झालेला कवी बालकवी ठोमरे भादलीजवळ रेल्वे अपघातात मृत्यू पावला.

येथे गेरहार्टच्या परिस्थितीशी असलेला भेदही स्पष्ट केला पाहिजे. गेरहार्टचे गाव सैन्याने जाळले. टिळकांच्या गावावर सैन्य चालून आले नाही. महाराष्ट्रात महायुद्ध पोहोचले ते सैनिकभरती, महागाई आणि मेसोपोटेमियाहून येणाऱ्या मृत्यूच्या वार्ता या रूपांनी. तथापि नगर शहरात युद्धाचे एक निराळे रूप समोर होते. १९१४ नंतर हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करण्यासाठी सरकारने तेथे मोठी छावणी उभारली. धारवाड–कानडा भागातील बासल मिशनचे जर्मन पाद्री आणि मुंबई–पुणे भागात कार्य करणारे जर्मन येशूसंघी यांपैकी अनेकांना नगर येथे व अन्यत्र स्थानबद्ध करण्यात आले. १९१५–१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजातून त्यांतील पुष्कळांची स्वदेशी रवानगी झाली. अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेले एक कार्य अशा रीतीने मध्येच तुटले. ज्या शहरात टिळक ‘ज्ञानोदया’चे मराठी स्तंभ लिहीत होते, त्याच शहरात गेरहार्टच्या भाषेत प्रार्थना करणारे धर्मोपदेशक काटेरी तारांच्या आत होते. परदेशी चर्चवर अवलंबून असलेला ख्रिस्ती समाज राष्ट्राराष्ट्रांच्या वैरात किती अनाथ होऊ शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट प्रात्यक्षिक दुसरे नसावे. १९१७ मधील टिळकांचा वेतनत्याग याच घटनेमुळे झाला, असे म्हणण्यास आधार नाही. स्वदेशी ख्रिस्ती जीवनाचा विचार त्यांच्या मनात फार पूर्वीपासून होता. मात्र त्या विचाराची निकड या युद्धाने सर्वांनाच दाखवून दिली, एवढे म्हणता येईल.

६. गीताचा साचा

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. टिळकांपूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून जी गीते गायिली जात, त्यांपैकी बरीच इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती मूळ विलायती चालींवर म्हटली जात. या पद्धतीतील अडचण छंदःशास्त्राची आहे. इंग्रजी गीताचे चरण आघातयुक्त व आघातहीन अवयवांच्या क्रमावर रचलेले असतात. सर्वांत प्रचलित इंग्रजी गीतछंदात आठ, सहा, आठ, सहा अशा अवयवांचे चार चरण असून एकाआड एक अवयवावर आघात पडतो आणि चालीतील ठेकाही तेथेच येतो. मराठीत अशा आघाताला छंदोरचनेत स्थान नाही. मराठी कान अक्षरसंख्या, मात्रा आणि लघुगुरू यांचा हिशेब ठेवतो. परिणामी भाषांतरित गीतात ऱ्हस्व अक्षर ठेक्यावर येऊन विनाकारण लांबते, दीर्घ अक्षर दबते, विभक्तिप्रत्यय शब्दापासून तुटतो आणि अर्थ हरवतो. छापील पुस्तक हाती असलेला शिक्षित मनुष्य हे निभावून नेतो. ज्याला वाचता येत नाही, त्याला मात्र ते गीत पाठ होत नाही आणि अर्थानेही लाभत नाही.

नगर भागातील ख्रिस्ती समाज कोणाचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या अडचणीचे गांभीर्य कळते. त्यात महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती, आणि दुष्काळाच्या वर्षांत ती आणखी वाढली. यांतील बहुसंख्य लोक निरक्षर होते. पण भजनाची परंपरा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. एकतारी, टाळ आणि मृदंग यांच्या साथीने एकाने चरण म्हणावा, इतरांनी ध्रुवपद उचलावे, ही रीत त्यांना शिकवावी लागत नव्हती. टिळकांपूर्वी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी मराठी पदे व कीर्तने रचून या मार्गाचा आरंभ केला होता. टिळकांनी तो मार्ग राजमार्ग केला.

अभंगाची रचना या कार्याला कशी अनुकूल आहे, हे थोडक्यात सांगता येईल. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण पुरतात. लघुगुरूचे बंधन नसल्यामुळे बोलीतील शब्द मोडावे लागत नाहीत. चौथा आखूड चरण विचाराला नेमका थांबा देतो. आणि मधले यमक पुढील शब्दाची आठवण करून देते. म्हणजे स्मरणाची सोय रचनेतच केलेली असते. गणेशशास्त्र्यांच्या हाताखाली तयार झालेल्या टिळकांना संस्कृत वृत्तांवर प्रभुत्व होते आणि त्यांच्या कवितेत ती वृत्ते आढळतात. भक्तिगीतासाठी मात्र त्यांनी मुख्यत्वे अभंग, ओवी व पदे यांचा आश्रय घेतला. पंडिताने पांडित्य बाजूला ठेवले, हा या निवडीचा अर्थ होय. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांची दोनशेहून अधिक गीते असून अन्य कोणाही रचनाकारापेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे.

७. कविता आणि भजन यांतील भेद

टिळकांच्या वाङ्मयाचा एक विशेष असा की, त्यात वैयक्तिक भावनेची कविता आणि सामुदायिक उपासनेचे गीत हे दोन्ही प्रकार विपुल असून ते एकमेकांत मिसळलेले नाहीत. ‘माझी भार्या’, ‘बापाचे अश्रू’, ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ या रचनांतून कुटुंबजीवन, निसर्ग आणि चिंतन यांना वाव मिळाला आहे. ‘फुलांमुलांचे कवी’ ही त्यांची ओळख तेथूनच निर्माण झाली. या कवितांतील ‘मी’ हा टिळक आहे. भजनातील ‘मी’ मात्र गाणारा प्रत्येक मनुष्य आहे. तेथे कवीचे नाव, गाव किंवा प्रसंग आला, तर गाणाऱ्याची जागा अडते.

आरंभी उपस्थित केलेल्या विरोधाचा उलगडा येथे होतो. भक्तिगीतात आपत्तीचा तपशील नसतो, कारण तो तपशील गाळूनच गीत दुसऱ्याच्या उपयोगाचे होते. गेरहार्टच्या गीतात जळालेल्या गावाचे नाव नाही. म्हणून ते दुसऱ्या गावच्या विधवेला म्हणता आले. टिळकांच्या भजनात १९०० च्या दुष्काळाचे वर्णन नाही. म्हणून ते इन्फ्लुएन्झाच्या साथीतही गाता आले. परंतु तपशील गाळल्यानंतर उरते काय? उरते ती आपत्तीने शिकविलेली बोलण्याची रीत : ईश्वराशी तक्रार, हट्ट, शरणागती आणि विसावा यांचा क्रम. हा क्रम अनुभवाखेरीज साधत नाही. संकटाशिवाय केवळ कौशल्याने रचलेली गीते बहुधा शरणागतीपासून आरंभ करतात, तक्रारीची पायरी गाळतात, आणि म्हणूनच दुःखिताला ती आपली वाटत नाहीत.

या निष्कर्षाला एक मर्यादा घातली पाहिजे. खडतर आयुष्य हे चांगल्या गीताचे पुरेसे कारण नव्हे. १८९९–१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील असंख्य लोकांनी टिळकांहून कितीतरी अधिक सोसले. त्यांची गीते झाली नाहीत. विशिष्ट भजन विशिष्ट प्रसंगी लिहिले गेले, असे सांगणाऱ्या आख्यायिका सर्वच गीतकारांभोवती जमतात. समकालीन पुरावा असल्याखेरीज अभ्यासकाने त्या स्वीकारू नयेत. आपत्ती, परंपरेने दिलेला साचा आणि गाणारा समुदाय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे गीत निर्माण होते आणि टिकते. यांपैकी पहिली गोष्ट चरित्रात सापडते. उरलेल्या दोन समाजाच्या इतिहासात शोधाव्या लागतात.

टिळकांच्या अपूर्ण महाकाव्याची कथा याची साक्ष देते. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र त्यांनी १९०९ मध्ये आरंभिले, पण पहिल्या दहा-अकरा अध्यायांपलीकडे ते गेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून ते पूर्णतेला नेले आणि त्यांच्याही निधनानंतर, १९३८ मध्ये, ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. संस्कृत वृत्तांत बांधलेले महाकाव्य त्यांना पुढे नेणे दुष्कर झाले असते. ओवी मात्र त्यांनी जात्यावर, व्रतकथांत आणि पोथ्यांत लहानपणापासून ऐकली होती. साचा सर्वांचा असला म्हणजे एकाचे काम दुसऱ्याला हाती घेता येते.

८. वसईची परंपरा आणि पापडी

ओवीचा हा उपयोग मराठी ख्रिस्ती वाङ्मयात नवा नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. स्टीफन्स यांचे आयुष्य मुख्यतः गोव्यातील साष्टीत गेले. अल्पकाळ ते वसईकडेही होते. १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण प्रसिद्ध झाले, आणि त्याची भाषा उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाच्या बोलीला जवळची आहे. ‘ख्रिस्तपुराणा’ची जे. एल. साल्ढाणा यांनी संपादिलेली आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूर येथे निघाली आणि टिळकांनी ‘ख्रिस्तायना’स १९०९ मध्ये आरंभ केला. या सान्निध्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही. पण तीन शतकांच्या अंतराने दोन भिन्न ख्रिस्ती पंथांतील कवींना तोच छंद योग्य वाटला, ही गोष्ट स्वतंत्रपणे महत्त्वाची आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजानेही युद्धाचा अनुभव घेतलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला आणि दोन शतकांची पोर्तुगीज सत्ता संपली. सत्ता गेली, किल्ल्यातील चर्चे ओस पडली, परंतु किल्ल्याबाहेरील गावांतून हा समाज टिकून राहिला. सामवेदी व वाडवळी बोलींतील लग्नगीते आणि घरगुती प्रार्थना यांतून त्याची मराठी जिवंत राहिली. चर्चमधील मुख्य उपासनेची भाषा मात्र जगातील सर्व रोमन कॅथलिकांप्रमाणे लॅटिनच होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक घटना संमत करून लोकभाषांना अनुमती दिली, तेव्हा पापडीसारख्या धर्मग्रामापुढे तोच प्रश्न उभा राहिला जो साठ-सत्तर वर्षांपूर्वी नगरच्या मंडळीपुढे होता : मराठीत गावयाचे तर कोणत्या साच्यात गावयाचे? विलायती चालीत मराठी शब्द बसवावयाचे, की मराठी चालीतून नवे गीत उगवू द्यावयाचे?

हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. २२ मे १९९८ रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे कृपामाता चर्च त्याचे प्रधानमंदिर झाले; २०२० मध्ये धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. म्हणजे या समाजाचे मराठीपण आज कोणास सिद्ध करून दाखवावयाचे उरलेले नाही. परंतु ज्या गावांची शेते आणि बावखले वेगाने वाढणाऱ्या शहरात लुप्त होत आहेत, ज्या घरांतील मुले इंग्रजी माध्यमातून शिकत आहेत, तेथे गाणारा समुदाय हा गीतनिर्मितीचा तिसरा घटकच क्षीण होत जाण्याचा संभव आहे. आजोबांना पाठ असलेले गीत नातवाला वाचूनही कळत नसेल, तर त्या गीताचा साचा कितीही उत्तम असला तरी त्याचे आयुष्य संपत आले असे समजावे.

९. उपसंहार

सारांश, गेरहार्ट, तुकाराम आणि टिळक यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की, भक्तिगीत हे आपत्तीचे वृत्त नसते. आपत्तीतून जाणाऱ्या इतरांसाठी तयार ठेवलेली ती वाणी असते. ती तयार करताना कवीला स्वतःचा प्रसंग गाळावा लागतो, लोकांच्या ओठी असलेला साचा स्वीकारावा लागतो आणि आपले पांडित्य आवरावे लागते. टिळकांनी हे तिन्ही त्याग केले. बाप्तिस्म्यामुळे जात, घर आणि आप्त गमावलेल्या या कवीने महाराष्ट्राचा छंद मात्र गमावला नाही, आणि त्यामुळेच ज्यांना दुष्काळाने सर्वस्वी लुबाडले होते त्यांना गाण्यासाठी काहीतरी आपले असे उरले.

टिळकांच्या भजनांचे कालक्रमानुसार वर्गीकरण, ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांतील प्रथम प्रकाशनांशी त्यांची तुलना आणि नगर व वसई या दोन भिन्न परंपरांतील गीतांच्या चालींचे ध्वनिमुद्रण ही कामे पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्यासारखी आहेत. त्यांपैकी तिसरे काम प्रथम करावयास हवे. कारण छापील अंक ग्रंथालयांत आणखी काही वर्षे थांबू शकतील, पण चाली ज्यांच्या कंठात आहेत ती माणसे आता वृद्ध झाली आहेत.